यमुनाबाईंची बाल्कनी

यमुनाबाई भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या माघारी बोलतोय असं नाही, त्या स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायच्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या सानपाड्याच्या रंगमंडळाचा चिटणीस झालो. दुसऱ्याच दिवशी हॉलवर गेलो, तर दारात एक साठीच्या बाई स्टुलावर चढून फळ्यावर खडूनं लिहीत होत्या. "मी भित्री बाई हाय, सायेब. आदीच सांगून ठिवते," त्या वरूनच म्हणाल्या. मी विचारलं, पडायची भीती वाटते का? तर म्हणाल्या, "स्टूल माज्या वजनाचं हाय. त्याचं न्हाई भ्या."

हॉल झाडणं, कुलूप-किल्ल्या सांभाळणं, घंटा देणं आणि फळा लिहिणं ही त्यांची कामं. हॉल आमचा छोटाच. खाली अडीचशे खुर्च्या, वर बाल्कनीत ऐंशी. महिन्यात दोन शनिवारी सिनेमा, दोन रविवारी नाटक. 'पुढील कार्यक्रम' असं वर ठळक लिहून कमिटीनं दिलेली यादी त्या खाली उतरवायच्या आणि प्रत्येक नावापुढे स्वतःच्या पदरचा एक शब्द जोडायच्या, 'रडायचं' किंवा 'हसायचं'. 'सोसायटीचा सेक्रेटरी हरवला, दोन अंकी, हसायचं.' लोकांना ते फार सोयीचं वाटे. आमच्या सोसायटीतल्या बायका फळा वाचून ठरवायच्या, रुमाल न्यायचा की मुलं न्यायची.

मला वाटायचं, बाईंना रसिकांची किती काळजी. पाच-सहा महिन्यांनी कळलं की तो शब्द त्या स्वतःसाठी लिहीत. 'रडायचं' असलं की त्या निर्धास्त असत. लोक गप्प बसतात, डोळे पुसतात, हलत नाहीत. 'हसायचं' असलं की त्यांचा चेहरा गुरुवारपासूनच उतरायचा. हसणारा माणूस पाय आपटतो, शेजाऱ्याच्या अंगावर पडतो, टाळ्या देतो. आणि हे ऐंशी माणसं बाल्कनीत बसून करतात. कमिटीत पुढच्या महिन्याची नाटकं ठरत असली, की चहा ठेवता ठेवता त्या हळूच सुचवायच्या, "त्ये सुनेनं आई टाकली त्येच लावा की परत. लई चांगलं व्हतं." सुनेनं आई टाकली ते आम्ही त्यांच्यामुळे चारदा लावलं.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या, माण तालुक्यातल्या. लग्न होऊन आल्या त्या थेट बांधकामावर. हे शहर उभं राहत होतं तेव्हा त्यांनी डोक्यावरून घमेली वाहिली. नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, म्हणजे स्लॅब ओतताना खालून फळ्या आणि टेकू लावणारा. एवढी माहिती मला पुरेशी वाटली होती. पण एकदा दुपारी झाडता झाडता त्यांनी, मी न विचारता, पुढचं सांगितलं. जासईकडे एका साइटवर टेकू मुदतीच्या चार दिवस आधीच काढले होते. त्यांची थोरली जाऊ खाली जेवायला बसली होती.

"आदी आवाज आला, सायेब. फुटानं भाजत्यात ना, तसा. तड. तड. मला वाटलं, कुनी तरी फुटानं भाजतंय. मी हसले बी. मंग स्लॅब खाली आला."

मग त्यांनी उरलेला हॉल झाडला. मी वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवत बसलो. त्यानंतर बरेच दिवस मला हॉलमध्ये एकट्यानं बसायला नको वाटायचं.

रोज आल्या आल्या त्या एक रुपयाचं नाणं घेऊन खांब आणि, स्टुलावर चढून, बाल्कनीची खालची बाजू वाजवत फिरायच्या. खणखणीत वाजलं की पुढे, भदभद वाजलं की तिथे खडूची फुली. फुल्या वाढल्या की आमचे अध्यक्ष दामूशेठ त्या ओल्या फडक्यानं पुसायला लावत, कारण पाहुण्यांना वाईट दिसतं. पुसायच्या त्याच. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारायच्या.

भुताच्या सिनेमाचा किस्सा आमच्याकडे अजून सांगतात. हॉलभर लोक किंचाळत होते आणि बाई पडद्याकडे पाठ करून, हातात बॅटरी घेऊन, बाल्कनीच्या पोटाकडे बघत उभ्या होत्या. मागच्या रांगेतल्या मुलांना वाटलं, भूत वरच आहे. ती पडद्यावरचं सोडून वर बघायला लागली, मग त्यांच्या आयाही. एका बाईनं तर छताकडे बघून रामरक्षा सुरू केली. आणखी एकदा एका हौशी दिग्दर्शकानं नायकाला बाल्कनीतून ढोल वाजवत आणायचं ठरवलं होतं. बाई तालमीत जाऊन त्याला म्हणाल्या, "ढोल खाली, हिरो खाली. काय जगायचं मरायचं त्ये समदं खाली." तो पोरगा एवढा दचकला की त्यानं ढोलच काढून टाकला.

आम्ही सगळे त्यांना चिडवायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मीच एकदा म्हणालो. त्या म्हणाल्या, "असू द्या. ज्याला भ्या न्हाई त्याच्या फुडनं येतोय त्यो."

आता त्या बाल्कनीविषयी सांगायला हवं. दामूशेठ इथल्या गावठाणातले. लहानपण मिठागरावर गेलं, आता चार इमारतींचे मालक. मनानं दिलदार माणूस. हॉल व्हावा म्हणून त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर खेटे घातले होते, म्हणून बाल्कनीला त्यांचं नाव होतं. वडिलांच्या पुण्यतिथीच्या निमित्तानं दर काही वर्षांनी दामूशेठ बाल्कनीला नवी लादी बसवत. जुनी मात्र काढू देत नसत. वडिलांच्या नावानं बसवलेल्या लादीवर हातोडा पडलेला त्यांना बघवत नसे. "माजे बापावर छिन्नी मारू काय?" असं ते विचारत. मग लादीवर लादी, तिच्यावर आणखी लादी, आणि शेवटी सगळ्यांवर काळा ग्रॅनाइट. जमीन वर येत गेली आणि पुढचा कठडा माझ्या कमरेला लागायचा तो मांडीशी आला. खालून तडे दिसायला लागले तेव्हा तिथे फुलाफुलांचं पीओपीचं छत मारलं, दिवे बसवले. फार सुरेख दिसायचं. कमिटीनं टाळ्या वाजवल्या, त्यात मीही होतो.

यमुनाबाईंचं नाणं आता स्लॅबपर्यंत पोचेना. "झाकलं म्हंजी मिटलं व्हय?" त्या मला म्हणाल्या. "डोस्क्यावर एक घमेलं पेलतं, सायेब. चार न्हाई." मी त्यांना सांगितलं की स्लॅबचं गणित वेगळं असतं. बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसानं घमेली वाहिलेल्या बाईला हे सांगितलं, याची आज लाज वाटते.

घंटेची गोष्ट त्यानंतरची. आमची मंडळी मूळची नाटकवाली, त्यामुळे सिनेमालाही तीन घंटा द्यायची पद्धत. तिसरी घंटा झाल्याशिवाय ऑपरेटर मशीन सुरू करत नसे. एका शनिवारी आसपासच्या तीन शाळांच्या मुलांसाठी विनोदी सिनेमा ठेवला होता. फळ्यावर 'हसायचं' खाली दोन रेघा होत्या. बाल्कनीत ऐंशी खुर्च्यांवर सव्वाशे तरी मुलं बसवली होती, एकेका खुर्चीत दोन-दोन. पहिली घंटा झाली, दुसरी झाली, तिसरी होईना. मुलं तालात पाय आपटायला लागली. चालू करा, चालू करा.

मी धावत गेलो. बाई बाल्कनीच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. पितळी घंटा मांडीत, तिची जीभ मुठीत घट्ट धरलेली.

"वरची पोरं खाली आना. मंग देते."

"मावशी, खाली जागा नाही."

"जिमिनीवर बसवा. मांडीवर घ्या."

वर पायांचा ताल वाढला तशी त्यांनी मान खांद्यात ओढून घेतली. एवढ्यात दामूशेठ आले. चिडलेले नव्हते, पाहुण्यांसमोर ओशाळलेले होते.

"मावशे, घंटी दे."

"न्हाई, शेठ."

"तुजा हाय काय हॉल?"

"माजा न्हाई. पोरं बी माजी न्हाईत. भ्या तेवढं माजं हाय."

दामूशेठ माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, घंटी घ्या."

मी वाकून त्यांची बोटं सोडवली. गार आणि ओली होती ती. जोर लावावा लागला नाही, माझा हात लागल्यावर त्यांनी सोडूनच दिलं. तिसरी घंटा मी दिली. मुलं दोन तास हसली, नाचली, आणि काहीही झालं नाही. सिनेमा संपल्यावर एक मास्तर बाल्कनीतून उतरताना जिन्यावर मुद्दाम दोन उड्या मारून बाईंकडे बघून हसले. बाई मुलं मोजत होत्या. शेवटचं मूल फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या मोजत होत्या.

सोमवारी त्यांना 'थोडे दिवस विश्रांती घ्या' असं सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी ते फार गोड शब्दांत केलं. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. जाता जाता दारात थांबून म्हणाल्या, "वरनं भुकटी पडली तर टाईम हाय म्हनायचं. खडा पडला तर टाईम कमी हाय. आवाज आला तर मंग इचार करत बसू नका." मी हो हो म्हटलं. फळा त्या आठवड्यापासून मी लिहायला लागलो. नावांपुढे काही लिहीत नव्हतो.

दामूशेठच्या वडिलांच्या पुण्यतिथीला रविवारी दुपारी प्रयोग होता. नाटक विनोदी, हाउसफुल्ल. अध्यक्षांनी मानानं दिलेल्या पासांवर माझी बायको आणि आमची सात वर्षांची नात बाल्कनीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी नेमका त्यांच्या खाली, बाल्कनीच्या कडेखालच्या रांगेत.

पहिला मोठा हशा झाला आणि माझ्या बाहीवर पांढरं काहीतरी पडलं. मी झटकलं. खरं सांगायचं तर मला वाटलं कोंडा आहे. दुसरा हशा झाला, पुन्हा पडलं. माझ्या डोक्यावर एवढे केस नाहीत की एवढा कोंडा व्हावा, हा विचार मनात आला आणि मी वर बघितलं. त्यानंतर मी नाटक ऐकलंच नाही. नट काय बोलतोय ते कळत नव्हतं, फक्त तो बोलायचा थांबला की आता लोक हसणार एवढं कळत होतं. प्रत्येक विनोदाआधी मी खुर्चीचा हात धरत होतो. हसू नका, हसू नका, असं मनात म्हणत होतो. लोक हसत होते. नातीचं हसू मला त्यातून वेगळं ऐकू येत होतं. मग दिव्याच्या भोकातून एक खडा सुटला आणि माझ्या मांडीवर पडला. बोराच्या बीएवढा असेल.

मी उठलो. वर जाऊन सगळ्यांना खाली चला म्हणायचं, एवढंच काम होतं. पण बाल्कनीला जिना एकच आणि तोही अरुंद, ओरडलो तर ऐंशी माणसं एकदम धावतील. हे कारण खरं होतं. माझ्या तोंडातून आवाज फुटत नव्हता, हेही खरं होतं. मी बाहेर जाऊन यमुनाबाईंना फोन लावला. त्यांनी हॅलो म्हटलं नाही.

"काय पडलं?"

"खडा."

"वरडू नका. पडदा पाडा. आले मी."

मी विंगेत जाऊन मध्यंतराचा पडदा वेळेआधीच पाडायला लावला. नट माझ्या अंगावर धावून आला. त्याचं वाक्य तोडलं होतं मी. बाई तुर्भ्याला राहायच्या, रिक्षानं दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून काढली. काही माणसं चहाला उतरली, त्यांना मी परत वर जाऊ दिलं नाही, काहीतरी थापा मारल्या. पण बरेचसे वरच बसून होते. बायकोला फोन केला, तर तिनं नाटकासाठी बंद करून ठेवलेला. मी का वर गेलो नाही, हे तिनं मला पुढे एकदाच विचारलं.

बाई आल्या त्या घरच्या साडीत, हाताला पीठ तसंच. तोंडावर रंग नव्हता. जिन्याच्या भिंतीला हात टेकला, तिथे पिठाचा पंजा उमटला. "तुमी खालच्या रांगा मोकळ्या करा," एवढं म्हणून त्या वर गेल्या. आणि वरून मला त्यांचा आवाज ऐकू आला. इतका गोड आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"शेठच्या वडलांच्या नावानं अंगनात वडे हायेत. बाल्कनीवाल्यांनी आदी घ्यायचे. मागची रांग पयली. घाई न्हाई, समद्यांना पुरत्यात. पोरांचा हात धरा."

रांग हसत हसत उतरायला लागली. फुकटच्या वड्याला कोणी धावत नाही, धावल्यासारखं दिसू नये म्हणून सावकाश चालतं. एवढं त्या माणसं ओळखून होत्या. दोघं म्हणाले, आम्ही नंतर जाऊ. "मंग संपत्याल," बाई म्हणाल्या, आणि ते उठले.

खाली दामूशेठ माझ्यासमोर आले. "कसले वडे? कोनी बोल्ला?"

मी मूठ उघडून खडा दाखवला. ते खड्याकडे बघत राहिले, मग फुलाफुलांच्या छताकडे. वडिलांच्या नावाच्या पाटीकडे त्यांनी बघितलं नाही. कॅन्टीनवाल्याला हाक मारून म्हणाले, "हायेत तेवढे वडे अंगनात आन. कमी पडले तं बाहेरशी आन." आणि बाल्कनीखालच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना काखेत हात घालून त्यांनी स्वतः उठवलं. त्या रांगा आम्ही दोघांनी मोकळ्या केल्या. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण चेहरा हसराच ठेवला होता. बायको आणि नात खाली आल्या. नात म्हणाली, आजोबा, चटणी आहे का? मी तिला एवढ्या जोरानं पुढे ढकललं की ती रडायला लागली.

सगळे उतरले तेव्हा मी जिना चढून बाल्कनीच्या मागच्या दारापर्यंत गेलो. बाई पुढच्या टोकाला, पहिल्या रांगेत वाकून खुर्च्यांखाली बघत होत्या. एखादं पोर झोपलं असलं तर.

"मावशी, सगळे उतरले. चला."

त्यांनी मान वर केली आणि तेव्हा आवाज आला. तड. मग थोडं थांबून, तड. मोठा नव्हता. खालून पीओपीचं छत अखंड सुटून रिकाम्या खुर्च्यांवर आदळल्याचं ऐकू आलं, धुरळा कठड्यावरून वर आला. आमच्या दोघांच्या मध्ये काळ्या ग्रॅनाइटवर एक रेघ उमटली आणि रेघेपलीकडची जमीन बोटभर खाली गेली. बाई होत्या तिथेच मटकन बसल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

आमच्यात सहा रांगा होत्या. मी उंबऱ्यावर होतो. मी एक पाय उचलला आणि जिथून उचलला होता तिथेच परत ठेवला.

मग त्या ओणव्या झाल्या आणि रांगत निघाल्या. एका खुर्चीचा पाय सोडून दुसरीचा धरत, प्रत्येक रांगेला थांबून, कान जमिनीला लावून. तोंडानं आई गं, आई गं चाललं होतं. रेघेवरून आधी एक हात टाकला, मग दुसरा. मी बघत उभा होतो.

ती बाल्कनी पुढे उतरवली. दामूशेठ त्या दिवशी सकाळपासून हॉलवर बसून होते, पहिला घाव पडला तेव्हा बाहेर निघून गेले. बाईंना परत बोलावलं, पण त्या मुलाकडे साताऱ्याला गेल्या त्या गेल्याच. हॉल चालू आहे, कार्यक्रम होतात. पण यमुनाबाई म्हटलं की मला दिसतं ते बाल्कनीचं दार.

दाराशी येऊन चौकट धरून त्या उभ्या राहिल्या. केसांत, भुवयांत चुना. मी काहीतरी बोलायला गेलो, मावशी, मी, मी, एवढंच आलं.

"आत आला न्हाईसा त्ये बरं केलंसा, सायेब," त्या म्हणाल्या. "दोगांचं वजन झालं असतं."

वजनाचा विचार मी केलाच नव्हता. मी भ्यालो होतो. ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी माझा दंड धरला, आणि पुढची पायरी कुठे आहे ते सांगत सांगत मला खाली आणलं.